दाताच्या कागदावरचे पेशंट

परवा एका मुलीचा फोन आला. मानसोपचाराचं शिक्षण नुकतंच संपवलेली, हुशार, बोलण्यात घाई. "मॅडम, संभाजीनगरात नोकरीला स्कोप कसा आहे? पगार काय देतात? पुढे वाढतो का?" तिन्ही प्रश्न एका दमात. मला पोरगी आवडली. आमच्या वेळी आम्ही पगाराचं नाव तोंडाने काढत नसू. सेवा-बिवा म्हणायचो आणि एक तारखेला बँकेत डोकावून यायचो.

मी तिला खरं ते सांगितलं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पगार जास्त, पण पेशंटला घड्याळ लावून बघावं लागतं. मेडिकल कॉलेजात शिकवायची जागा मिळाली तर पुढची वाट ठरलेली, फक्त ती जागा निघायची वाट बघत केस पिकतात. इथल्या ट्रस्टच्या रुग्णालयात सुरुवातीला पगार बेताचा. पण आता माणसं येतात, उघड येतात, आणि आमच्या विषयाचा डॉक्टर शोधूनही सापडत नाही, त्यामुळे तोंड उघडलं तर पगार वाढवून मिळतो. "तुम्ही उघडलं होतं?" तिने विचारलं. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

शहर तेव्हा औरंगाबाद होतं. मी पुण्यात शिकत होते आणि शेवटच्या वर्षी माझी आई गेली. पडेगावच्या घरात वडील एकटे राहिले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. चितेगावच्या एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून उभा जन्म नोकरी केलेला माणूस, निवृत्त झाल्यावर दौलताबादच्या किल्ल्याखालची आमची पेरूची बाग बघायचा. शिक्षण संपल्यावर मी सरळ घरी आले आणि शहरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नोकरी धरली. पूर्णवेळ मानसोपचारतज्ज्ञ, करार वर्षाचा, पगार पुण्यात मिळाला असता त्याच्या निम्म्याहून कमी. ओळखीपाळखीत कौतुक झालं, पण अर्धवट. लेक डॉक्टर झाली म्हटलं की माणसं पेढा उचलत. कशाची डॉक्टर ते कळलं की तो हातातच राही.

मला मिळालेली खोली खरं तर अर्धी होती. सात नंबरच्या खोलीत मधे प्लायवूड ठोकून एका बाजूला दंत विभाग आणि दुसऱ्या बाजूला मी. प्लायमध्ये एक दार ठेवलं होतं, कारण हात धुवायचं बेसिन त्यांच्याकडे होतं. बाहेर व्हरांड्यात दोन पाट्या आणि पाट्यांखाली समोरासमोर दोन बाकं.

शेजारची दाताची डॉक्टर माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. शहरातल्या जुन्या मुसलमान घरातली. तिचे वडील अत्तराचे व्यापारी, घरात मराठी आणि दख्खनी दोन्ही एकाच ताटात वाढलेलं. मी तिला आपा म्हणायचे. ती मला डॉक्टर म्हणायची, आणि रागावली की "बाई" म्हणायची.

पहिला महिनाभर माझ्या बाकावर दाताच्या पेशंटच्या पिशव्या बसल्या. माणूस एकही नाही. कारण साधं होतं. केसपेपर काढायच्या खिडकीवर जो क्लार्क होता, त्याचा आवाज बसस्टँडवर शोभला असता. "कोणता विभाग?" तो विचारायचा आणि मिळालेलं उत्तर, हॉटेलात वेटर आत ऑर्डर देतो तसं, मागे बसलेल्या लिहिणाऱ्याला ओरडून सांगायचा. "हाडाचा एक! डोळ्याचे दोन!" मागे रांगेत गावचा कुणी ना कुणी असतोच. तिथे "मानसोपचार एक!" असं व्हायला कोण तयार होईल? संध्याकाळपर्यंत बातमी गावात, आणि आठवड्यात घरातल्या पोरीचं ठरलेलं लग्न धोक्यात.

मग एक दिवस आपाच्या खुर्चीवर एक बाई आल्या. दात पांढरेशुभ्र, कीड नाही, सूज नाही. आपाने "आ करा" म्हटलं, त्यांनी केलं, आणि तशाच उघड्या तोंडाने त्या रडायला लागल्या. आपाने हातमोजे काढले, प्लायचं दार उघडलं आणि म्हणाली, "डॉक्टर, ये तुम्हारा है. दाताचं नाय."

ती बाई माझी पहिली पेशंट. तिला बरं वाटलं आणि तिने आणखी दोघींना वाट सांगितली. पुढे ती वाट पसरतच गेली. खिडकीवर "दाताचं" म्हणायचं, गालावर हात ठेवून दाताच्या बाकावर बसायचं, नंबर आला की आपाच्या दारातून आत आणि प्लायच्या दारातून माझ्याकडे. चितेगावच्या कंपन्यांतले कामगार आले, बँकेतले साहेब आले, वाळूज-पैठणकडची शेतकरी घरातली माणसं आली. काहीजण तर गालाला मफलर बांधून येत, ऐन मे महिन्यात. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. पण माणसं ताकाला येत होती, हे मला पुष्कळ होतं. दंत विभाग छापलेल्या कागदावर मी माझी औषधं लिहायचे.

यात एकदाच फसगत झाली. आपाच्या मदतनीस बाईने एका गृहस्थांना घाईत माझ्याकडे पाठवलं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप? अजिबात नाही. जेवण? घास जात नाही. कुणाशी बोलावंसं वाटतं? नाही, घरातल्यांवर नुसता खेकसतो. जगणं नकोसं वाटतं का? "वाटतं की! कालपास्नं लई वाटतंय." मी पेन उघडलं, तेवढ्यात त्यांनी बोट घालून दाढ दाखवली. त्यांना खरोखरच दाढ दुखत होती. आपाने ती काढली आणि माणूस हसत घरी गेला. "इतना जल्दी तुम्हारा कोई ठीक हुआ क्या?" हे तिने मला पुढे कितीतरी वर्षं ऐकवलं.

असं छान चाललं होतं. मी खूश होते. दुपारी आपाच्या डब्यातला चिंचेचा आंबट खट्टा आणि माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी, मधे प्लायचं दार सताड उघडं. पगार बेताचा असला तरी संध्याकाळी घरी जायला घर होतं आणि घरात अण्णा होते.

अडचण एवढीच होती, की रुग्णालयाच्या लेखी मला एकही पेशंट नव्हता.

आमचे मुख्य विश्वस्त बी-बियाण्यांचे मोठे व्यापारी. दर मंगळवारी हात पाठीमागे बांधून ते रुग्णालयात फेरी मारायचे, शेतकरी बांधावरून पीक बघत जातो तशी. दुसऱ्या वर्षाचा करार संपत आला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. बोलायला गोड माणूस. म्हणाले, "डॉक्टर, बियाणं चांगलं आहे, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण उगवण दिसत नाही हो! मी दर वेळी बघतो, बाक रिकामं. आणि शेजारी बघा, दाताला काय पीक आलंय! आम्ही त्यांना दुसरी खुर्ची घेतोय. तुम्ही असं करा, पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा या. मानद म्हणून." मानद म्हणजे बिनपगारी, हे समजायला मला मानसोपचार शिकावा लागला नव्हता.

मी तणतणत खोलीत आले आणि आपाला सांगितलं. ती आधी इतकी हसली की खाली बसली. पेशंट माझे आणि खुर्ची तिला! मग हसू थांबलं आणि ती उठली. "मैं अब्बी जाके बोलती साब को."

मीच तिला अडवलं. कारण तिने सांगितलं असतं तर विश्वस्तांनी लगेच हुकूम काढला असता, ज्याचा त्याचा कागद ज्याने त्याने काढायचा. आणि व्यवहार म्हणून ते बरोबरच होतं. पण त्या हुकमाच्या दुसऱ्या दिवशी माझी सगळी माणसं खिडकीवरूनच परत गेली असती. बोलले तर पेशंट जाणार आणि गप्प बसले तर नोकरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

त्याच सुमाराला पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयाचं बोलावणं आलं. पगार दुपटीपेक्षा जास्त, दर वर्षी वाढ, वर शिकायला संधी. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मला जायचं नव्हतं. मी सरळ सांगते, सेवेसाठी म्हणून नव्हे. मला माझं घर, माझं गाव आणि ते प्लायचं दार सोडायचं नव्हतं. पण बिनपगारी डॉक्टरीवर घर चालत नाही.

अण्णा तर महिनाभर एकच धोशा लावून बसले होते. "जा. दात कोरून पोट भरत नाय, बाई. पुण्यात पगार हाय, मान हाय, फुडं वाढ हाय. इथं काय हाय?"

"इथं तुम्ही आहात," असं म्हणायचं मनात होतं. पण आमच्या घरात असलं काही तोंडावर बोलायची पद्धत नाही. मी म्हटलं, "इथले पेरू."

"पेरू पाठवीन की," ते म्हणाले.

सकाळी मी उठायच्या आत त्यांनी अंगण झाडलेलं असायचं, पाणी भरलेलं असायचं, त्यांचा चहा होऊन भांडंही निवलेलं असायचं. एवढ्या लवकर कशाला उठता म्हटलं तर म्हणायचे, "वय झालं की लवकर उजाडतं." मी ते खरं मानत होते.

तो मंगळवार आला. शुक्रवारी पुण्याला कळवायचं होतं आणि मी मनातून हो म्हणून टाकलं होतं. खोलीत माझ्यासमोर एक पेशंट बाई बसल्या होत्या, दाताच्या वाटेने आलेल्या. तेवढ्यात खिडकीवरून आवाज आला, "कोणता विभाग?" आणि त्यावर उत्तर आलं, "मानसोपचार."

तो आवाज मी ओळखला. क्लार्कला हा शब्द ऐकायची सवय नव्हती. तो म्हणाला, "आँ?"

"मानसोपचार. कानाचा बी विभाग आसंल हितं, दाखवून घ्या."

"मानसोपचार एक!" क्लार्क ओरडला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

समोरच्या बाईंना "एक मिनिट" म्हणून मी माझं पुढचं दार फटीएवढं उघडलं. अण्णा माझ्या रिकाम्या बाकाच्या मधोमध बसले होते. इस्त्रीचा सदरा, टोपी, मांडीवर पेरूची पिशवी. लग्नाला आल्यासारखे. समोरच्या बाकावर गालाला हात लावलेली रांग, आणि ती सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती.

एवढ्यात हात पाठीमागे बांधून विश्वस्त आले. अण्णांना ते ओळखत नव्हते, अण्णाही त्यांना ओळखत नव्हते. विश्वस्त थांबले आणि प्रेमाने म्हणाले, "काका, दाताचं तिकडच्या बाकावर."

"दात मजबूत हायेत," अण्णा म्हणाले.

"मग इथे?"

"झोप येत नाय. म्हणून दाखवाया आलो."

"इथे मानसोपचार आहे, काका."

"व्हय. तसंच लिवलंय की पाटीवर."

 मग समोरच्या बाकावरच्या एक बाई, कितीतरी महिने मफलर बांधून येणाऱ्या, त्यांनी गालाचा मफलर सोडला, घडी घातली आणि त्या येऊन माझ्या बाकाच्या टोकाला बसल्या. अण्णांनी त्यांना जागा व्हावी म्हणून पिशवी खाली ठेवली. एक बँकेतले गृहस्थही उठले, दोन्ही बाकांच्या मधे उभे राहून भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं लक्षपूर्वक वाचू लागले आणि परत जागेवर जाऊन बसले. बाकीचे छताकडे बघत राहिले. सगळेच्या सगळे उठून आले वगैरे काही झालं नाही.

पण विश्वस्त व्यापारी माणूस. त्यांनी तो मफलर बघितला, समोरचे गाल बघितले आणि सरळ आपाच्या खोलीत शिरले. मी आपल्या खुर्चीवर येऊन बसले. प्लायमधून सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, या बाहेरच्यांत दाताचे किती?"

"साब, सच बोलूं? निम्मे भी नहीं."

"मग बाकीचे जातात कुठे?"

आपाने बहुधा दाराकडे हात केला, कारण पुढच्या क्षणी प्लायचं दार उघडलं आणि विश्वस्त समोर. माझ्या पेशंट बाईंनी पदर तोंडावर ओढला. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "दार लावा! आत पेशंट आहे."

त्यांनी मुकाट दार लावलं.

त्या बाई गेल्यावर मी पुढचं दार उघडून अण्णांना आत बोलावलं. त्या दारातून आलेले ते माझे पहिले पेशंट. मला हसू आवरत नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, नाटक झकास केलंत. तुम्हाला बाकाचं कुणी सांगितलं?"

"कोन्त्या बाकाचं?" त्यांनी केसपेपर माझ्यासमोर ठेवला. "नाटक कशाचं? कागद काढलाय."

मी कागदाकडे बघितलं. वर त्यांचं नाव होतं. मग सगळ्यांना विचारते तेच विचारलं. "झोप कधीपासून नाही?"

"तुझी आई गेल्यापास्नं."

"म्हणजे मी घरी आले तेव्हापासून रोज..."

"रोजच. तासभर डोळा लागतो. मग उठून बसतो. अंगण झाडतो."

"मला का नाही सांगितलं?"

"घरी तू लेक. लेकीला बापानं आसलं कसं सांगावं? हितं तू डॉक्टर हायेस." ते टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "शुक्कीरवारी तू पुण्याला कळवशील. म्हणलं, तू जायच्या आदी एकदा दाखवून घ्यावं."

मला रडू आलं. पेशंटसमोर रडायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं असतं, पण मी रडले, चांगली नाक ओढून रडले. अण्णा घाबरले. त्यांनी पिशवीतून एक पेरू काढून टेबलावर ठेवला, लहानपणी मी पडले की ठेवायचे तसा.

"मग मला जा जा का म्हणत होतात?"

"न म्हणून काय करू? माझ्यापायी राहिली आसतीस, आन मग जलमभर पुण्याचा पगार माझ्या खात्यावर मांडला आसतास."

हे मात्र खरं होतं. माझा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

डोळे पुसून मी त्यांना सांगितलं, की घरच्या माणसाला आपण औषध द्यायचं नसतं, मी तुम्हाला शहरातल्याच माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे पाठवते. "म्हंजी ह्या कागदाचे पैसे गेले का?" त्यांनी विचारलं.

दुपारी विश्वस्तांनी आपाला आणि मला एकत्र बोलावलं. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की खिडकीवर विभाग विचारणं बंद करा, खोलीचा नंबर विचारा. सात म्हटलं की दातही आलं आणि मनही आलं. आत कोण कुठे गेलं ते आम्ही लिहून देऊ. त्यांना ते पटलं. जागा पूर्णवेळ राहिली. मग मी तोंड उघडलं आणि पगार वाढवायला सांगितलं.

"अजून पीक घरात आलं नाही, डॉक्टर," ते म्हणाले.

"बैलाला वैरण पेरणीच्या वेळी लागते," मी म्हटलं, "खळ्यावर नाही."

ते मोठ्याने हसले आणि त्यांनी पगार वाढवला. पुण्याइतका नव्हे, पण घर चालेल, वर थोडं उरेल इतका. आपाची दुसरी खुर्ची अर्थातच गेली. "मेरी कुर्सी खा गई ये बाई," असं ती आजही माझी ओळख करून देताना सांगते. शुक्रवारी मी पुण्याला 'नाही' असं कळवलं.

अण्णांना माझ्या सहकाऱ्याने थोडे दिवस एक लहान गोळी दिली, संध्याकाळी चालायला लावलं, आणि मुख्य म्हणजे आईबद्दल बोलायला लावलं. तिच्याबद्दल आम्ही दोघं घरात एक अक्षर काढत नव्हतो, एकमेकांना त्रास नको म्हणून. ते पुढे आम्ही घरीही शिकलो. झोप हळूहळू यायला लागली.

तरी दर मंगळवारी ते रुग्णालयात यायचे. काम काही नाही. माझ्या बाकावर बसायचे, शेजारी कुणी आलं तर पेरू द्यायचे, पाऊसपाणी विचारायचे. घरी जा म्हटलं तर म्हणायचे, "रिकामं बाक बरं दिसत नाय." लोक त्यांच्याजवळ बसायला लागले. मफलर कमी झाले. ते बँकेतले गृहस्थही एकदाचे माझ्या बाकावर आले.

आणि एका मंगळवारी मी पेशंट सोडायला दारात आले तेव्हा अण्णा व्हरांड्यात पिशवी घेऊन उभे होते. माझ्या बाकावर जागा नव्हती. त्यांनी एकदा बाकावरून नजर फिरवली, पेरूची पिशवी आपाच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "मी जातो घरी. आज माझं काम नाय."

संध्याकाळी मी पडेगावला पोचले तेव्हा अण्णा अंगणातल्या बाजेवर झोपले होते. तोंड उघडं, टोपी डोळ्यांवर आलेली, घोरणं चाललेलं. मी फाटक वाजवलं, हाक मारली, तरी जाग नाही. मी आत जाऊन दोघांचा चहा टाकला आणि त्यांचा झाकून ठेवला.